झाकली मूठ

मंगळवारी आणि शुक्रवारी
नारीनच्या जुन्या वाचनालयात जातो आम्ही.
पुस्तकं केव्हाच गेली तिथून. आता तुळईला
ट्रॅक्टरची ट्यूब टांगलेली असते.
ती मीच दिली, गॅरेजमधून,
दोन पंक्चर काढून, व्हॉल्व्हवर चिंधी गुंडाळून.
देताना मनात म्हटलं होतं,
झोके घेऊन कोणी चालायला शिकतं का?

एलामान सहा वर्षांचा.
टाचा जमिनीला अजून अनोळखी,
पाय एकमेकांत अडकतात कात्रीसारखे,
आणि उजवी मूठ जन्मापासून मिटलेली,
अंगठा आत, बोटांखाली दडून बसलेला.
शेजारचा म्हातारा म्हणायचा,
झाकली मूठ सव्वा लाखाची, जोल्दोश, राहू दे.
रोज रात्री तीच मूठ मी कोमट पाण्यात उघडतो.
आत मळ असतो, लोकरीचे तंतू,
तळहातावर नखांचे चार वळ.
सव्वा लाख कधी सापडले नाहीत.

बुरूलचाबाई फार बोलत नाहीत.
एका परातीत गहू ओततात,
दुसरीत मेंढीची न धुतलेली लोकर,
तिसरीत दाराबाहेरचा बर्फ.
हात आधी लोकरीत, मग गव्हात,
बर्फात अगदी क्षणभरच,
आणि खांद्यापासून मनगटापर्यंत
त्या सांधा न् सांधा दाबत जातात,
जणू कुणाला त्याच्याच घराचा पत्ता समजावतायत.
त्याला ठाऊकच नाही हा हात कुठं संपतो, त्या म्हणाल्या,
जिथं संपतो तिथून तर पकडायचं असतं.
मी मान हलवली.
मान हलवायला काय लागतं?

तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, आता तुम्ही झोपा.
मी?
ऐंशी किलोचा माणूस, नखांत ग्रीस,
डोळ्यांवर स्वतःचाच मफलर.
त्यांनी ट्यूबला एक पीळ दिला आणि सोडून दिला.
वर कुठलं, खाली कुठलं,
शेगडीच्या कोळशाचा वास एकदा इकडून, एकदा तिकडून,
माझे पाय माझ्या मागे राहिले की पुढे गेले,
कोण सांगणार?
थांबवा, असं मी म्हणालो बहुतेक.
मफलर काढला तेव्हा पाहिलं,
माझ्या दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या होत्या,
अंगठे आत.

एलामान खिदळला. खूप वेळ खिदळत राहिला.
बाई परात पुसत होत्या.

त्या दिवसापासून रात्री त्याला
नमद्याच्या गालिच्यात गुंडाळतो मी,
लाटण्यासारखा हात फिरवतो पाठीवरून.
अजून, तो म्हणतो, अजून जोरात.
मॉस्कोहून त्याच्या आईचा फोन येतो,
ती तिथं कचेऱ्यांच्या फरशा पुसते.
चालला का, ती विचारते.
मी सांगतो, आज त्यानं बर्फातून हात काढून घेतला,
आपणहून.
तिच्या मागून ट्राम जाते, लांबलचक.
मग?
मग काही नाही, काखेत खुपसला.
ती हसते की रडते, ते फोनवर कळत नाही.

काल शुक्रवार होता.
घरी येईस्तोवर गाडीत तो गप्प.
रात्री पाणी कोमट केलं, मूठ हातात घेतली,
आणि घंगाळ्यात टपटप
गव्हाचे तीन दाणे पडले, भिजून टम्म फुगलेले.
अडकले असतील, मी म्हणालो.
माझे आहेत, तो म्हणाला.
चोरलेस?
हो.

मी पुढं काही विचारलं नाही.
चोरासाठी आधी हात लागतो,
आणि हात कुठंय हे कळावं लागतं.
तिन्ही दाणे निथळून त्याच्या तळव्यावर परत ठेवले
आणि बघत बसलो बोटं मिटताना.
फार हळू. करंगळी मागंच राहिली.
अंगठा या खेपेला
बाहेर होता.